बाबांच्या वाटणीचं पाणी

बाबांनी नळ बंद केला तेव्हा पाणी अजून येत होतं. हवेच्या टाकीखालच्या बादलीत ते थुंकल्यासारखं पडत होतं, मध्येच हवेचा फुसकारा, पुन्हा पाणी. बाबांनी मान तिरकी केली, डोळे किलकिले केले, मन लावून ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा केला आणि निवांतपणे मूठ फिरवून म्हणाले, "झाली कोरडी." एवढंच झालं. ती रंगाच्या खोलीच्या दारात उभी होती, मास्क गळ्यात, हातात रंगाची गन, मागे हुकाला लहान मुलाच्या सायकलची फ्रेम टांगलेली. कान कोणाचा चुकला हे कळायला तिला थोडा वेळ लागला, कारण या बाबतीत चुकत आली असेल तर तीच, बाबा कधीच नाहीत. बाबा बादली घेऊन मोरीकडे गेले तसं तिने वाकून नळ जरासा उघडला आणि उरलेलं पाणी तिच्या बोटांवर आलं, कोमट आणि तेलकट. तिने नळ घाईघाईने बंद केला. बाबा परत आले तेव्हा ती हात पुसत होती. "काय गं?" त्यांनी विचारलं. "काही नाही," ती म्हणाली, आणि त्या 'काही नाही'मधून पुढचं सगळं रामायण घडलं.

हवा दाबून टाकीत भरली की तिच्यातलं पाणी सुटतं आणि तळाशी साठतं. रोज सकाळी ते काढून टाकायचं, नाहीतर पाइपातून गनपर्यंत येतं आणि रंगाबरोबर फ्रेमवर जाऊन बसतं. रंग वाळला की तिथे बारीक फोड येतात, आणि गिऱ्हाईक नेमकं तिथेच बोट ठेवतं. हे तिला बाबांनीच शिकवलं होतं, ती शाळेत जायची तेव्हा. टाकीशेजारी उकिडवं बसवून, तिच्या वेणीला हिसका देऊन ते म्हणायचे, "बबडे, ऐक. आधी पाणी एकटं बोलतं. मग दोघं भांडतात. मग हवा एकटी बोलायला लागते. ती एकटी झाली की बंद कर, उगाच तिला जाऊ देऊ नको, ती फुकट येत नाही." तिला तो भांडणाचा भाग आवडायचा. फस्, थुक्, फस्स्. घरात आईबाबांचं भांडण असंच चालायचं. आई पाण्यासारखी ठिबकत राहायची आणि बाबा एकदम फुस्सकन निघून जायचे, अंगणात. धाकट्या भावाला हे ऐकायचा धीर कधीच नव्हता. तो नळ पुरता उघडून पळून जायचा. पुढे तोच हवेच्या पाइपांचा फिटर झाला आणि दुसऱ्यांच्या कारखान्यांतून गळती शोधत हिंडू लागला, यावर बाबा अजून हसतात. ती मात्र तिथेच राहिली, त्याच टाकीशेजारी, आणि सायकली रंगवता रंगवता तिच्या स्वतःच्या केसांत पांढरे आले.

आई गेल्यावर बाबांनी दुकानाचं सगळं तिच्यावर सोपवलं, पण टाकी सोडली नाही. समोरच्या बाजूच्या दोन खोल्यांत ते एकटे राहतात. सकाळी उठायचं, दाढी करायची, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि रस्ता ओलांडून यायचं ते टाकीसाठी. मग चहा. मग खिडकीजवळच्या स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या सायकलींना नावं ठेवायची. टाकीचं काम गेलं तर शर्टाची इस्त्री जाईल, इस्त्री गेली तर दाढी, आणि मग एक दिवस ती खोलीत जाईल तर बाबा दुपारी दोनला लुंगीवर बसलेले असतील, असं तिने मनात इतक्यांदा पाहिलं होतं की त्या न घडलेल्या दुपारचा वाससुद्धा तिला यायचा, बंद खोलीचा आणि गार झालेल्या चहाचा. बाबांना ऐकू येत नाही हे त्यांना सांगणं म्हणजे त्यांच्या हातातून तो नळ काढून घेणं. आणि बाबा असे की एकदा नको म्हटलेल्या घरात पुन्हा पाऊल टाकायचे नाहीत. सख्ख्या भावाच्या दारावरून तोंड फिरवून जायचे ते. म्हणून तिने ठरवलं की कोणालाही काहीही सांगायचं नाही. आपण थोडं आधी यायचं, टाकीतलं पाणी आपण काढायचं, आणि बाबांना उघडायला नळ ठेवायचा.

पण रिकाम्या टाकीतून नुसती हवा आली तर त्यांना संशय येईल, म्हणून ती थोडं पाणी ठेवायची. बाबांच्या वाटणीचं. लहान मुलाला खेळायला कणकेचा गोळा द्यावा तसं. नळ मध्येच बंद करताना तिला दर वेळी लाज वाटायची आणि दर वेळी बरंही वाटायचं, दोन्ही एकदम. बाबा यायचे, मान तिरकी करायचे, "झाली कोरडी" म्हणायचे. आणि गंमत अशी की तिने प्रेमाने ठेवलेलं तेच पाणी, बाबांकडून टाकीत राहून गेलेलं, दुपारपर्यंत पाइपातून चालत तिच्याच गनमध्ये यायचं आणि फ्रेमवर फोड उठायचे. एवढी हुशारी करून शेवटी हातात काय, तर घासकागद. ती गुपचूप फोड घासायची आणि पुन्हा रंग मारायची. त्यात बाबा लवकर यायला लागले. म्हातारपणी झोप कमी होते, ती म्हणाली, आणि स्वतः आणखी लवकर यायला लागली. ते आणखी लवकर. रस्त्यावरचे दिवे मालवायच्या आत ती शटर वर करायची, आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी, चोरासारखी, स्वतःच्याच दुकानाचं. नवरा अंथरुणातून विचारायचा, "इतक्या सकाळी वाळतो का गं तुमचा रंग?" दुपारी गन हातात घेऊन उभ्याउभ्या तिचे डोळे मिटायचे आणि फ्रेमवरून रंगाचा ओघळ खाली यायचा. शेवटी तिने धाकट्याला फोन केला. बाबांना कळू देऊ नको, म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं, कान, पाणी, घासकागद, सगळं. पलीकडे धाकटा इतका वेळ गप्प होता की फोन कट झाला असं तिला वाटलं. मग म्हणाला, "ड्रायर बसवू या, ताई. तसाही लागतोच तुला."

म्हणून आज ड्रायर आला होता. कपाटाएवढी राखाडी पेटी, टेम्पोतून उतरवताना धाकट्याने आईमाईवरून शिव्या न देता चौघांना कामाला लावलं, हे विशेष. बाबा इस्त्रीच्या शर्टात दाराशी उभे राहून बघत होते. "यात फ्रिजसारखं थंड करतात हवेला," धाकटा त्यांना मोठ्याने सांगत होता, "गार पाण्याच्या ग्लासाला बाहेरून थेंब येतात ना, तसं. थेंब इथेच गळून जातात, कोरडी हवा पुढे." बाबांनी मान हलवली. त्यांना किती ऐकू गेलं कोण जाणे. ते ग्लास धरल्यासारख्या धाकट्याच्या हाताकडे बघत होते. धाकट्याने पाणसळ ठेवून पेटी सरळ केली, भिंतीपासून हातभर पुढे ओढली, तिला श्वास घ्यायला जागा लागते म्हणाला. टाकीतली सगळी हवा सोडून दिली, पाइप कापला, तीन व्हॉल्व्ह लावून वरून एक आडवाट काढली, म्हणजे उद्या ड्रायर बिघडला तरी हवा त्याला वळसा घालून जाईल आणि काम अडणार नाही. पेट्रोलच्या वासासारखा कापलेल्या लोखंडाचा वास सुटला. तिला तो लहानपणापासून आवडतो. बाबांच्या मांडीवर बसलं की हाच यायचा, त्यांच्या बाहीतून, आणि आईने कितीही धुतली तरी जायचा नाही.

"आता थांबायचं," धाकटा म्हणाला. "यंत्र गाडीत आडवं पडून आलंय. आतलं तेल खाली बसू दे, मग सुरू करू." आणि मग तिला बाजूला घेऊन, हातावर टेपची गुंडाळी फिरवत, "ताई, एक ऐक. टाकीचं पाणी टाकीतच निघालं पाहिजे. ते सगळं या ड्रायरच्या डोक्यावर नको. खाली आपोआप उघडणारा नळ बसवतो, आणलाय मी." ती म्हणाली, "तो नको." "अगं पण..." "टाकीला हात लावू नकोस. टाकी बाबांची." धाकट्याने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिच्या नाकाला रंग लागलाय. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि पाना शोधायला निघून गेला. लहानपणी काही लपवलं असलं की तो असाच काहीतरी शोधायला लागायचा. ती तशीच चहा आणायला कोपऱ्यावर गेली. रांगेत उभी राहून तिने किटलीच्या वाफेकडे पाहिलं. सगळीकडे पाणीच आहे, तिला वाटलं, नुसतं थंड व्हायचा अवकाश. आपल्याला सगळं माहीत असताना आपण गप्प बसतो ती माया, का नुसतीच भीती? बाबांचं जे जाईल ते जाईल, पण खरं सांगितल्यावर त्यांचा जो चेहरा होईल तो आपल्याला बघायचा नाही, एवढंच तर नाही ना हे? चहावाल्याने दोनदा विचारलं, साखर किती. तिलाही ऐकू आलं नाही.

ती परतली तेव्हा बाबा टाकीखाली फतकल मारून बसले होते. इस्त्रीच्या शर्टाच्या पाठीवर जाळं लागलेलं, आणि हातात जुना नळ, काढलेला. मोठा पाइपपाना त्यांच्या मांडीवर होता. "गंजलाय बघ किती," ते म्हणाले आणि नळ तिच्या पुढे धरला. तिच्या हातात किटली आणि ग्लास होते, तिला तो घेताही येईना. "कोणी सांगितलं तुम्हाला काढायला?" "मी सांगितलं," बाबा म्हणाले. "हा ड्रायरही मीच सांगितला त्याला. म्हटलं, बबडी पहाटे उठून टाकी काढते माझ्यासाठी, तिची झोप होत नाही. उभी राहून पेंगते. काहीतरी बसव की ही कटकट कायमची मिटेल." तिने धाकट्याकडे पाहिलं. तो पाइपाच्या आट्यांवर टेप गुंडाळण्यात इतका गढून गेला होता की जणू तिथे सोन्याचा धागाच गुंडाळतोय. दोघांनी त्याला फोन केला होता आणि दोघांनी शपथ घातली होती, आणि त्या गाढवाने दोघांची पाळली होती.

"तुम्हाला कसं कळलं?" तिने विचारलं. "काय?" "कसं कळलं, म्हटलं!" बाबा हसले. "अगं, दमट हवेत अर्धी बादली भरायची, ती तांब्यावर आली. एवढी कोरडी हवा कुठल्या देशातून येते? फरशी आधीच ओली असायची. म्हटलं माझे गुडघे दुखतात, मला वाकावं लागू नये म्हणून करते पोरगी. म्हणून मीच लवकर यायला लागलो, तुझ्या आधी काढायला. तर तू त्याच्याही आधी." तिने किटली खाली ठेवली. गुडघे. आपण त्यांच्यासाठी पहाटे धावत होतो आणि ते आपल्यासाठी, आणि मध्ये ती टाकी बिचारी दोनदोनदा उघडली जात होती. तिला हसू यायला लागलं आणि ते थांबेना, डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने बाहीला पुसलं. धाकटाही हसला, पण तिच्याकडे बघून, सावधपणे. त्याच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं की ताई, गुडघे तर गुडघे, घे पदरात आणि गप्प बस. तिलाही तेच हवं होतं. इतकं सोपं. आपोआप उघडणारा नळ लागला, ड्रायर लागला, आता कोणालाच काही ऐकायची गरज नाही, आणि गुडघ्यांना तेल लावलं की झालं. तिने चहा ओतला. बाबांनी फुंकर घालत पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "मग आता माझं इथे काही काम नाही. बरंच झालं." हे त्यांनी अगदी सहज म्हटलं.

नवा नळ बसला. धाकट्याने ड्रायरच्या वाटा बंद ठेवून आडवाट उघडली, आधी जोड तपासू म्हणाला, आणि कॉम्प्रेसर सुरू केला. भिंती थरथरायला लागल्या, खिडकीची काच वाजायला लागली, टाकीवरचा काटा हळूहळू वर चढला. बाबा उठले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण इतकी वर्षं नवा जोड लागला की तो ऐकायला बाबाच वाकायचे, त्यामुळे धाकटाही सवयीने बाजूला झाला. बाबांनी पहिल्या जोडाला कान लावला, मान हलवली. दुसऱ्याला लावला. तिसरा जोड, वरचा, चांगला सापासारखा फुसफुसत होता. कॉम्प्रेसरच्या धडधडीतूनही तिला तो दारातून ऐकू येत होता. बाबांनी त्याच्याजवळ कान नेला, डोळे किलकिले केले, तोच मन लावून ऐकण्याचा चेहरा, आणि वळून म्हणाले, "एक नंबर. कुठे गळत नाही." धाकट्याने पाना उचलला, बाबांची पाठ वळली की आवळून टाकायला. त्याचा तो हात तिने पाहिला आणि तिला कळलं की हे असंच चालणार आता. आज जोड, उद्या मागून येणारी गाडी, परवा डॉक्टर काय सांगतोय ते. दोघं बहीणभाऊ जन्मभर बाबांच्या पाठीमागे पाने घेऊन उभे. "गळतोय, बाबा," ती म्हणाली. "काय?" "वरचा जोड गळतोय!" "नाही गं, मी आत्ता ऐकला." "तुम्हाला..." तिने श्वास घेतला, कॉम्प्रेसरच्या वर आवाज काढला, "तुम्हाला ऐकू येत नाही!" आणि नेमकी तेव्हाच टाकी भरली आणि कॉम्प्रेसर खटकन बंद झाला. शेवटचे तीन शब्द दुकानभर ओरडले गेले. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईने आत पाहिलं.

बाबा हलले नाहीत. धाकट्याने पाना खाली ठेवला, साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवला आणि तो बाबांच्या हातात दिला. एवढी अक्कल त्याला आहे. बाबांनी जोडावर साबण लावला. एक बुडबुडा फुगला, फुटला, दुसरा फुगला. बाबा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी स्वतः पाना घेऊन जोड आवळला, पुन्हा साबण लावला, बुडबुडा येत नाही असं बघितलं आणि स्टुलावर जाऊन बसले. "म्हणजे गुडघ्यांमुळे नाही," ते म्हणाले. "नाही, बाबा." "मी पाणी ठेवत होतो टाकीत?" "थोडं." "कधीपासून?" तिने त्यांच्याजवळ जाऊन, तोंड त्यांच्या उजव्या कानाशी नेऊन सांगितलं की तिच्या लक्षात यायला उशीरच झाला, पण बरेच दिवस असणार, दोनतीन वर्षंही असतील, असं हळूहळू होतं. तिला वाटलं होतं की ते आता उठतील, शर्ट झटकतील आणि रस्ता ओलांडून जातील. तिने आपल्याही नकळत त्यांची बाही धरली होती. धाकट्याने ड्रायर सुरू केला. पेटी बारीक गुणगुणायला लागली, आणि ती थंड होईपर्यंत तो पाठ करून उभा राहिला, हवा सोडायला हात व्हॉल्व्हवर ठेवून.

"दोनतीन वर्षं," बाबा म्हणाले. ते कसलातरी हिशेब करत होते. "म्हणजे तुझी आई होती तेव्हाही." ते पुढे म्हणाले, "ती शेवटी शेवटी माझ्याशी बोलायची बंद झाली होती. मी विचारलं नाही कधी. म्हटलं आयुष्यभराचा राग असेल काहीतरी, आजारपणात वर येतो. असू दे, म्हटलं." त्यांनी बाही सोडवली नाही. तिच्या डोळ्यांसमोर ती खोली आली, पलंग, उशाशी औषधं, आणि आईचा बारीक झालेला आवाज, उशीतून येणारा, थकलेला पण एकसारखा, ठिबकत राहणारा. आणि पलंगाशेजारी खुर्चीत बाबा, पेपर वाचत. "ती बोलत होती, बाबा," ती म्हणाली, आणि मग तेच पुन्हा मोठ्याने म्हणाली, कोणाला ऐकू जायचं तर जाऊ दे. "ती रोज बोलायची तुमच्याशी." बाबांनी तिच्याकडे वळून पाहिलं. "काय म्हणायची?" धाकट्याने व्हॉल्व्ह हळूच फिरवला आणि हवा ड्रायरमध्ये शिरली. तिने दुसरं स्टूल त्यांच्या कानाशी ओढलं आणि आठवेल तसं सांगायला लागली. विशेष काही नाही, म्हणाली. खिडकी लावून घ्या म्हणायची, वारा येतोय. तुमच्या निळ्या शर्टाचं बटण तुटलंय म्हणायची, बबडीकडे द्या. धाकटा येऊन गेला का विचारायची. आणि संध्याकाळी रोज न चुकता विचारायची, जेवलात का. "मग मी काय म्हणायचो?" "काही नाही. पेपर वाचत असायचा." बाबांनी पेटीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "जेवलो होतो म्हणावं."